श्रमाचा खरा आकडा

इंग्लंडमध्ये आमच्या वडिलांवर हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. चुकलो ते आम्ही. घरी सोडताना रोज थोडे थोडे चालायला सांगितले होते. छातीचे हाड सांधण्यास साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, तोवर जड वस्तू उचलू नये, एवढाच निर्बंध होता. मायेपोटी आम्ही त्याचा अर्थ ‘काहीच करू नये’ असा लावला आणि पाण्याचा पेलाही त्यांच्या हाती आणून देऊ लागलो. बसून बसून स्नायूंची ताकद गेली. जिना चढताना दम लागू लागला. तो दम हृदयाचा आहे, असे समजून वडील अधिकच खचले.

पुढे हृदय-पुनर्वसनाचा वर्ग सुरू झाला. दुभाषी म्हणून आमच्यापैकी एक जण सोबत जाई. तेथे आरंभी १५ मिनिटे हळूहळू शरीर तापवायचे, मग मुख्य व्यायाम, आणि शेवटी १० मिनिटे वेग उतरवत न्यायचा. मनगटावरील घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नका, असे परिचारिकेने बजावले. कारण बीटा-ब्लॉकर औषध नाडीचा वेग दाबून धरते. त्याऐवजी तिने स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची श्रमपट्टी दिली. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे श्रमांची परिसीमा. वडिलांनी ११ ते १४ च्या दरम्यान राहायचे होते. श्वास वाढावा, पण बोलता यावे.

वडील दर वेळी ‘नऊ’ सांगत. कपाळावर घाम निथळत असे, तरी ‘नऊ’च. त्यांची उभी हयात कारखान्यात गेली होती. ‘दमलो’ म्हणणे म्हणजे कमी पडणे, हे तेथे अंगी मुरले होते. आम्ही तरी वेगळे कुठे? गावाकडच्या प्रत्येक फोनवर आमचे उत्तर ‘सगळे ठीक आहे’ हेच असते.

एके दिवशी ते सायकलवरून एकदम उतरले आणि त्यांना घेरी आली. व्यायाम अचानक थांबवला की रक्त पायांत साचते आणि रक्तदाब उतरतो. परिचारिकेने त्यांना बसवले, रक्तदाब तपासला आणि शांतपणे म्हणाली, “आकडा खोटा दिलात, तर मी व्यायामही चुकीचाच देणार.”

परतताना वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पंधरा होते रे.” कोणत्याही अहवालापेक्षा त्या शब्दांनी आम्हांला अधिक धीर दिला.

ज्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली असेल, त्यांनी पुनर्वसनाच्या वर्गाविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. छातीत दुखले, धडधडले वा घेरी आली तर तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. आणि ज्येष्ठांना मायेने खुर्चीत जखडून ठेवू नये.

आता वडील रोज अर्धा तास चालतात. चढ लागला की स्वतःहून म्हणतात, “चौदा.” आणि आम्ही आमची पावले सावकाश टाकतो.