प्राण्यांना ऊन कशासाठी हवे?

हिवाळ्यातील सकाळी कुंपणावरचा सरडा ऊन खात बसलेला दिसतो आणि गोठ्याबाहेर सोडलेले वासरूही उन्हाचीच जागा धरते. वरकरणी दोघांची कृती एकच. कारणे मात्र निराळी आहेत. सरड्याच्या देहात स्वतःची उष्णता राखण्याची सोय नसते. ऊन मिळाल्यावाचून त्याचे पचन नीट होत नाही व पायांत चपळाई येत नाही. वासराला देहाची ऊब खाल्लेल्या अन्नातून मिळते. मग त्याला उन्हाची गरज कशासाठी?

ती मुख्यतः हाडांसाठी होय. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते अंगावर पडले म्हणजे त्वचेतील एका स्निग्ध द्रव्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. खाद्यातील कॅल्शियम आतड्यांतून रक्तात शोषले जाण्यास त्याची जरुरी असते. ते नसेल, तर खाद्यात कॅल्शियम भरपूर असूनही वाढत्या पिलाची हाडे मऊ राहून वाकतात. हाच मुडदूस. बर्लिनचे वैद्य कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये मुडदूस झालेल्या बालकांवर दिव्याचे अतिनील किरण सोडले आणि त्यांची हाडे पुन्हा भरून येतात, हे क्ष-किरणचित्रांनी दाखविले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खिडकीची साधी काच उजेड आत सोडते, परंतु हे उपयोगी किरण बहुतांशी अडविते. म्हणून काचेमागे लख्ख उजेडात वाढलेल्या कोंबडीच्या पिलांचेही पाय अधू होऊ शकतात. खुराडे उजळ असणे वेगळे आणि पिलांच्या अंगावर ऊन पडणे वेगळे.

कुत्रा व मांजर यांच्या त्वचेत हे जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. त्यांना ते आहारातूनच मिळावे लागते. मार्जारकुळातील सिंहाचीही एक हकीकत प्रसिद्ध आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील छाव्यांना मुडदूस होत असे. १८८९ मध्ये शस्त्रवैद्य जॉन ब्लँड-सटन यांनी त्यांना हाडांचा चुरा, दूध व कॉड माशाच्या यकृताचे तेल देवविले आणि काही महिन्यांतच छावे बरे झाले.

ज्या गोठ्यात ऊन शिरत नाही, तेथील जनावरे रोज काही वेळ उघड्यावर सोडावीत. उन्हात वाळविलेल्या गवतातूनही थोडे ‘ड’ जीवनसत्त्व मिळते. बंदिस्त कोंबड्यांना मात्र ते खाद्यातून दिलेच पाहिजे. उघड्यावर सावली व पाणी जवळ असावे, कारण वैशाखातील ऊन जनावराच्या जिवावरही बेतते. मोकळे जनावर ऊन आणि सावली आपली आपण शोधते. दावणीला बांधलेल्या जनावरासाठी ती काळजी मालकानेच वाहावयास हवी.