आठ सेंटिमीटरच्या पट्टीतले लाख कोटी
मनोरीहून लॅमिंग्टन रोडला जायचं तर आधी फेरीबोटीनं मार्वे, मग मालाड, तिथून लोकलनं ग्रँट रोड. एवढी वाट तुडवून प्लेस्टेशन ५ साठी एसएसडी आणायची, तर पैसे मोजण्याआधी तिचं सोनेरी टोक पाहून घ्या. एकच खाच असेल तर ती बहुधा वेगवान एनव्हीएमई जातीची. दोन असतील तर बहुतेकदा संथ साटा. तीही कन्सोलच्या खोबणीत व्यवस्थित बसते, पण साटा असेल तर कन्सोल तिला ओळखतच नाही.

कारण वेगात आहे. साटाची कमाल मजल सेकंदाला ६०० एमबी, तर सोनीची शिफारस ५,५०० एमबीची. त्यासाठी पीसीआयई ४.० च्या चार लेन लागतात आणि एकेका लेनवरून सेकंदाला १,६०० कोटी बिट धावतात. सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले, तर त्यातले जेमतेम ६२.५ तुकडे एका बिटाच्या वाट्याला येतात. तेवढ्या वेळात खुद्द प्रकाशही दोन सेंटिमीटर पुढे जात नाही! एसएसडीची नेहमीची पट्टी ८ सेंटिमीटरची. ती ओलांडायला प्रकाशालाही चार बिटांहून जास्त वेळ लागतो.

साठवणीचा हिशेब तर डोकं गरगरवणारा. २ टीबी म्हणजे १६ लाख कोटी बिट. मेमरीच्या एका पेशीत ३ बिट धरले, तरी ५.३ लाख कोटी पेशी. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांना वाटल्या, तर प्रत्येकाला साडेसहाशेहून जास्त मिळतील. सेकंदाला एक या गतीनं मोजायला बसलं, तर १ लाख ६८ हजारांहून जास्त वर्षं लागतील. आणि ही पट्टी एका स्क्रूवर बसते.

भारतात प्लेस्टेशन ५ आला २ फेब्रुवारी २०२१ रोजी. तेव्हा आत ८२५ जीबी, वापरायला ६६७. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनं एसएसडीची जादा खोबण खुली झाली. २०२३ मध्ये तिची मर्यादा ८ टीबीपर्यंत गेली. हीटसिंक मात्र हवाच, आणि त्याच्यासकट जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. मनोरीच्या खाऱ्या हवेत झाकण उघडं टाकून जेवायला उठू नका, हे माझं कळकळीचं सांगणं.

यूएसबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर प्लेस्टेशन ५ चे गेम चालत नाहीत, पण ठेवता येतात. ती जपून ठेवा. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर पुन्हा उतरवायला साडेपाच तास जातात. सेकंदाला १०० एमबी देणारी डिस्क तोच गेम सतरा मिनिटांत परत देते.