अर्ध्या गुणाची सबुरी

उन्हाळ्याच्या सुट्टीत भातकुलीच्या एखाद्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला, की भांडण ठरलेलेच. एकाने सोंगटीला हात लावून मागे घेतला, की दुसरा ओरडतो, "हात लागला, आता तीच खेळ!" हा नियम चिडवण्यापुरता नाही. जागतिक स्पर्धेतही पंच तोच पाळायला लावतात. आधी विचार, मग हात.

आपल्याच विदर्भातल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने हा धडा जगापुढे गिरवून दाखवला. जून 2024 मध्ये गुजरातेत गांधीनगरला 20 वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा झाली. फेऱ्या 11, विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. अखेरच्या फेरीत 18 वर्षांच्या दिव्यासमोर बल्गेरियाची बेलोस्लाव्हा क्रास्तेवा होती. दिव्याचे गुण 9. आर्मेनियाची मरियम म्कर्तच्यान अवघ्या अर्ध्या गुणाने मागे.

पेच साधा नव्हता. सावधपणे बरोबरी घ्यावी, तर आघाडी निसटण्याची भीती. जिंकण्याच्या घाईत चूक झाली, तर सगळेच हातचे जाणार. दिव्या जिंकली. तिचे 10 गुण झाले. मरियमनेही आपला डाव जिंकून साडेनऊ गुण गाठले होते. म्हणजे दिव्याने बरोबरी पत्करली असती, तर दोघी एकाच पायरीवर आल्या असत्या.

भारतात जन्मलेला चतुरंग इराण आणि अरबस्तानात जाऊन शतरंज झाला. शह, मात, वजीर, प्यादे हे आपल्या पटावरचे शब्द फारसी-अरबीतून आले. 'सब्र'ही तिकडचाच, मराठीने त्याला 'सबुरी' करून घरचा केला. रमजानमध्ये हा शब्द रोज कानी पडतो. सबुरी म्हणजे नुसते थांबणे नव्हे. पुढे सरकलेला हात आवरणे आणि वेळ आली की न कचरता चाल करणे, ही सबुरी.

28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत दिव्यासमोर तिच्याहून दुप्पट वयाची, अनुभवी कोनेरू हंपी होती. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले. जलद डावांतला पहिलाही बरोबरीत. दुसरा दिव्याने जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

मुलांना स्पर्धेला पाठवताना घरचे सांगतात, "जिंकून ये." त्याच्या जोडीला "घाई करू नको" एवढेही सांगितले, तर शिदोरी पुरी होईल.