जाते थांबले, ओवी थांबू नये

आमच्या मंद्रूपमध्ये एके काळी घरोघरी जाते होते. पिठाची गिरणी आली आणि जाती परसात पडली. काहींची तर पायरी झाली. झाले ते चांगलेच झाले. जुने दिवस गेले म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी पायलीभर जोंधळे दळून दाखवावेत! पण कष्टाबरोबर ओवीही चालली आहे, तिचे काय?

या ओव्यांत बाबासाहेब आहेत. ज्यांना पाटी-पेन्सिल मिळाली नाही, त्या आयाबहिणींनी बाबासाहेबांवर, रमाईवर, भगवान बुद्धांवर ओव्या रचल्या. त्यांचा ग्रंथ कोण छापणार होते?

हे काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी मनावर घेतले. गावोगावच्या कार्यकर्त्यांना जोडीला घेऊन त्यांनी महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर चढवल्या आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरील ओव्या याच संग्रहात आहेत. पॉइत्वाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. त्यांचा संग्रह पुढे पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ने हाती घेतला आणि २०१७ पासून तो इंटरनेटवर येऊ लागला. ओवीखाली गाणारीचे नाव व गाव दिलेले असते. कुणाही गरिबाच्या मुलाला मोबाईलवर ती फुकट ऐकता येते.

आता आमची विनंती मंद्रूपच्या आणि भीमाकाठच्या तरुणांना आहे. घरातल्या आजीला या रविवारी बसवा. आधी तिची परवानगी घ्या. पंखा, टीव्ही बंद करा आणि मोबाईल तिच्याजवळ ठेवा. सुरुवातीलाच तिचे नाव, माहेर, वय आणि तारीख बोलून घ्या. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आम्हाला ठाऊक आहे की नोंद नसलेला कागद पुढे कुणालाच सापडत नाही. आपल्याकडे बोलण्यात कानडी मिसळते. ओवीत आली तर तशीच राहू द्या, ‘शुद्ध’ करू नका. आजी मध्येच अडखळली, हसली, रडली, तरी कापू नका.

नुसते व्हॉट्सअॅपवर ठेवू नका, मोबाईल बदलला की सगळे जाते. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. ओव्या वहीतही उतरवा. ती वही आजीलाच वाचून दाखवा, चुकले असेल तिथे ती सांगेल.