चाखावें आणि घ्यावें

चव दाखवीत बाजार फिरविण्याची रीत युरोपांत चांगलीच रुळली आहे. बव्हेरियांतील म्यूनिक शहरीं १८०७ सालीं राजाज्ञेनें मुख्य चौकांतून हलविलेला एक जुना बाजार आहे. तेथें वाटाड्या पैसे घेऊन पाहुण्यांस चीज, मध, पाव व सॉसेज चाखवितो. पनवेलजवळच्या आमच्या ओवे गांवीं हें सांगितलें तर लोक हंसतील. चव पाहण्याचे पैसे कसले? पेरूची फोड चाखल्यावांचून आपण पेरू घेतों काय?

आतां पुण्यांतही असे फेरफटके निघतात. तेथील अष्टकोनी मंडई १८८६ सालीं गव्हर्नर रे यांच्या नांवें उघडली. नगरपालिकेचे सभासद असतां जोतीराव फुल्यांनीं तिच्या खर्चास विरोध केला होता. पुढें आचार्य अत्र्यांच्या खटपटीनें तिला त्यांचेंच नांव मिळालें! ही हकीकत फोड देणारी बाई सांगत बसत नाहीं. ती सांगणाऱ्यास पैसे अवश्य द्यावे.

परंतु वाटाड्याचे पैसे चुकते केले म्हणजे गाळेवालीचें देणें फिटत नाहीं. दहा ठिकाणीं चाखून रिकाम्या हातीं परतणें म्हणजे तिच्या पदरचें खाणें होय. मुलांस नेतांना पिशवी बरोबर घ्यावी. उन्हाळ्यांत पुरंदरचे अंजीर मिळाले तर ते सर्वांत वर ठेवावे. पनवेलपर्यंतच्या प्रवासांत ते लवकर चेंबतात.