वेळेची रोजकीर्द

व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन वह्या असत. रोजकीर्दींत दिवसभराचे व्यवहार ज्या क्रमानें घडले त्या क्रमानें उतरत. खतावणींत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर जाऊन बसत. पहिली वही 'आज काय झालें' हें सांगे, दुसरी 'कोणाचें किती' हें सांगे. पैशाच्या बाबतींत पिढ्यान्‌पिढ्या ही शिस्त पाळणाऱ्या समाजांत वेळेचा हिशेब मात्र बहुधा आठवणीवर चालतो. संध्याकाळीं मनाशीं बेरीज करावी तर आठ तासांपैकीं पांचच हाताला लागतात, आणि उरलेले तीन कोठें गेले हें सांगतां येत नाहीं. ठराविक पगाराच्या माणसाला याची फारशी झळ लागत नाहीं. परंतु ज्याचें बिल तासांवर ठरतें, मग तो भाषांतरकार असो, वकील असो किंवा हिशेबनीस असो, त्याला हे हरवलेले तास पदरच्या पैशानें भरून द्यावे लागतात.

कारखान्याच्या दारावरील हजेरीचें घड्याळ या कामीं निरुपयोगी आहे. माणूस आंत केव्हां आला आणि बाहेर केव्हां पडला एवढेंच तें जाणतें. मधल्या वेळांत त्यानें काय केलें याची त्याला दाद नसते. वेळेसाठीं निराळी वही ठेवावी तर कामाच्या ऐन भरांत ती बाजूला राहते, आणि रात्रीं ती आठवणीनें भरली जाते. म्हणजे पुन्हा मूळपदावरच येणें झालें. यावर उपाय असा कीं, ज्या पानावर कामाचें टिपण होतें त्याच पानावर, काम चालू असतांनाच, वेळेचीहि नोंद पडावी. संगणकावर हें साधून देणारें एक जुनें साधन आहे. त्याचें नांव ईमॅक्स.

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर आहे. येथें एडिटर म्हणजे वृत्तपत्राचा संपादक नव्हे. साधा मजकूर लिहिण्याचा, खोडण्याचा नि हलविण्याचा तो प्रोग्रॅम. साधा मजकूर म्हणजे ज्यांत दिसणाऱ्या अक्षरांखेरीज कांहीं दडलेलें नाहीं असा. तो कोणत्याहि संगणकावर उघडतो, आणि एखादी कंपनी बंद पडली म्हणून वाचावयाचा राहत नाहीं. १९७६ सालीं अमेरिकेंत एम्‌.आय्‌.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत पहिला ईमॅक्स घडला. त्या कामांत रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील हे प्रमुख होते. तेथें त्या वेळीं टेको नांवाचा एडिटर वापरांत असे, आणि ज्यानें त्यानें आपापल्या सोयीच्या आज्ञा त्यावर रचून ठेविल्या होत्या. त्या विखुरलेल्या आज्ञा एकत्र जुळविण्याच्या खटाटोपांतून हें साधन निघालें. आज सर्वत्र चालतो तो ग्नू ईमॅक्स स्टॉलमन यांनीं पुढें नव्यानें लिहिला व १९८५ पासून तो प्रसृत झाला. त्याचा गाभा सी भाषेंत असला तरी बाकीचा बहुतेक पसारा लिस्प भाषेच्या एका बोलींत आहे, आणि ती बोली वापरणाराच्या हातीं मोकळी ठेविली आहे. कोणती कळ दाबली असतां काय व्हावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. अंगाला बेतून शिवलेला सदरा आणि दुकानांतून उचललेला सदरा यांत जो फरक, तोच हा.

टिपणें आणि वेळ यांची सांगड घालणारी जोड त्याला बऱ्याच उशिरां मिळाली. २००३ सालीं कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानें स्वतःचीं टिपणें आवरण्यासाठीं ती लिहावयास घेतली. तिचें नांव ऑर्ग मोड. २००७ मध्यें निघालेल्या ईमॅक्सच्या २२ व्या आवृत्तीपासून ती त्याच्याबरोबरच येते. तिचा नियम सोपा आहे. ओळीच्या आरंभीं एक तारका दिली कीं तें शीर्षक, दोन दिल्या कीं उपशीर्षक. टॅबच्या कळेनें शीर्षकाखालचा मजकूर मिटतो, पुन्हा दाबली कीं उलगडतो. त्यामुळें शंभर पानांचें टिपणहि अनुक्रमणिकेसारखें एका पडद्यावर मावतें. शीर्षकाच्या तोंडीं 'टूडू' हा शब्द घातला कीं तें शीर्षक म्हणजे एक काम झालें, आणि तें उरकल्यावर त्या जागीं 'डन' येतो. हे शब्दहि बदलतां येतात. 'करणें', 'थांबलें' व 'झालें' अशा मराठी पायऱ्या लावण्यास कसलीच आडकाठी नाहीं.

आतां घड्याळ. समजा, ठाण्याच्या एक बाई घरीं बसून करारनाम्यांचीं भाषांतरें करतात. त्यांच्या फाइलींत प्रत्येक गिऱ्हाइकाचें एक शीर्षक आहे व त्याखालीं त्या त्या कामाचें उपशीर्षक. सकाळीं त्या आपल्या कामाच्या ओळीवर येतात आणि कन्ट्रोलची कळ धरून सी, एक्स व आय या कळा दाबतात. त्याबरोबर त्या ओळीखालीं तारीख व वेळ उमटते, आणि पडद्याच्या तळच्या पट्टींत कामाचें नांव व सरलेलीं मिनिटें दिसूं लागतात. काम थांबवितांना शेवटीं आयऐवजीं ओ. आय म्हणजे इंग्रजींतील 'इन', ओ म्हणजे 'आउट'. मग आरंभाच्या वेळेपुढें अखेरची वेळ व दोहोंतील अंतर आपोआप लिहिलें जातें. अशा ओळी त्या शीर्षकाखालच्या एका मिटत्या कप्प्यांत सांठत जातात. रोजकीर्द आणि खतावणी येथें एकाच हातानें लिहिली जाते असें म्हणावयास हरकत नाहीं: नोंद पडते वेळेच्या क्रमानें, पण बसते खात्यावर.

येथें एक कडक नियम आहे. एक घड्याळ चालू असतांना दुसऱ्या कामावर तें लावलें तर पहिलें त्याच क्षणीं बंद होतें. दोन कामें एकदम केल्याचा भास ऑर्ग मान्य करीत नाहीं. त्यामुळें एकच तास दोन गिऱ्हाइकांच्या बिलांत, अगदीं अजाणतां देखील, जात नाहीं.

परंतु कामांत व्यत्यय येतोच. करारनाम्याचें सातवें कलम चालू असतां दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा फोन येतो. अशा प्रसंगासाठीं ऑर्गमध्यें टिपणाचा सांचा तयार करून ठेवतां येतो. ठरविलेली कळ दाबली कीं लहानशी चौकट उघडते. भाषांतराचें घड्याळ थांबतें, फोनचें सुरू होतें. बोलणें चालू असतां टिपण लिहावें. चौकट मिटली कीं फोनचें घड्याळ बंद होऊन भाषांतराचें पुन्हा चालूं लागतें, आणि बाई सातव्या कलमावर परत येतात. यासाठीं ईमॅक्सच्या आरंभ-फाइलींत चार-पांच ओळी लिहाव्या लागतात. स्वतःच्या सोयीसाठीं एडिटर बेतून घेणें म्हणतात तें हेंच, आणि एवढ्या ओळींनीं वांचणारा वेळ पाहतां हा सांचा सर्वांत आधीं करावा.

घड्याळ चालूच ठेवून माणूस उठून गेला तर? तेंहि होतेंच. दहा मिनिटें कळफलकाला हात लागला नाहीं तर विचारणा व्हावी, अशी आज्ञा देऊन ठेवतां येते. परत आल्यावर ऑर्ग विचारतें: हा सर्व वेळ धरावा, कांहीं मिनिटें धरावीं, कीं सगळा वगळावा? बाई चहा टाकावयास गेल्या होत्या, कीं 'इंडेम्निटी'ला नेमका मराठी शब्द शोधीत खिडकीबाहेर पाहत होत्या, हें यंत्राला कळणें शक्य नाहीं. उत्तर त्यांनींच द्यावयाचें असतें, आणि तें लबाडीचें दिलें तर फसगत त्यांचीच. वीज गेली किंवा संगणक बंद करावा लागला तर चालू घड्याळाची आठवण पुढच्या वेळीं राहावी, याचीहि सोय आहे. ती मात्र मुळांत बंद असते, मुद्दाम चालू करून घ्यावी लागते.

महिनाअखेर या सगळ्याचें फळ दिसतें. फाइलींत एक कोष्टक घालावयाचें. आज, हा आठवडा, गेला महिना, जो काळ सांगावा त्याच्या बेरजा तें शीर्षकवार मांडतें. शिवाय प्रत्येक कामावर आधीं अंदाजाचा वेळ लिहून ठेवतां येतो. बाईंनीं एका करारनाम्यास सहा तास धरले होते असें समजूं. कोष्टक सांगतें: भाषांतर ५ तास ५० मिनिटें, गिऱ्हाइकाशीं पत्रव्यवहार २ तास २५ मिनिटें, मागाहून बदललेल्या मसुद्याची दुरुस्ती १ तास ४० मिनिटें, एकूण ९ तास ५५ मिनिटें. भाषांतराचा अंदाज जवळजवळ बरोबर होता. चुकला होता तो, ज्याला बाई काम समजतच नव्हत्या त्या कामाचा. पुढच्या खेपेस दर सांगतांना, मसुदा बदलल्यास निराळा आकार पडेल असें त्या आंकडा समोर ठेवून सांगूं शकतात.

या साधनांत एक मोह मात्र आहे. ईमॅक्स हवा तसा वळतो म्हणून लोक तो वळवीतच बसतात. आज रंग बदल, उद्यां कळा बदल, परवां दुसऱ्याची आरंभ-फाइल उतरवून घे. वस्तऱ्याला धार लावण्यांतच सकाळ जाते आणि दाढी तशीच राहते. नवशिक्यानें एक फाइल, घड्याळाच्या दोन आज्ञा आणि एक कोष्टक एवढ्यावर पहिला महिना काढावा, आणि तीच अडचण तिसऱ्यांदा आली तरच नवी ओळ लिहावी. 'ईमॅक्सची डागडुजी' असें एक शीर्षक करून तिच्यावरहि घड्याळ लावलें तर मोह किती महाग पडतो तें कोष्टकच दाखवितें. कळा विसरण्याची भीति बाळगूं नये. कन्ट्रोल व एच, मग के, आणि नंतर कोणतीहि कळ दाबली कीं ती कळ काय करते याचें स्पष्टीकरण ईमॅक्स स्वतःच पुढें ठेवतो.

मराठींत लिहिणारास दोन-तीन गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. देवनागरी टंकलेखनाच्या पद्धति ईमॅक्समध्यें अंगच्याच आहेत. इनस्क्रिप्ट आहे, तशी रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटविणारी आयट्रान्सहि आहे. कोष्टकांत मराठी शीर्षकें आलीं कीं उभ्या रेघा थोड्या वांकड्या होतात, कारण देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते. बेरीज त्यानें बिघडत नाहीं. घड्याळाच्या ओळी साधा मजकूरच असल्यामुळें विसरलेली वेळ हातानें दुरुस्त करतां येते, आणि मग त्या ओळीवर कन्ट्रोल धरून सी दोनदां दाबलें कीं अंतर पुन्हा मोजलें जातें. या दुरुस्तींत आंकडे मात्र इंग्रजीच ठेवावे. देवनागरी आंकडे घातले तर ऑर्ग त्या ओळीला वेळेची नोंद म्हणून ओळखीत नाहीं.