बॅकअप आहे, पण रिस्टोअर कोण करणार?

आज जरा लांब जाऊया, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात. स्पॅनिश लोक तिथे सोळाव्या शतकाच्या अखेरीस येऊन वसले. त्यांच्या वंशजांची गाणी आणि नाच गावोगावी तोंडी चालत आले. प्रश्न असा की, असलं काही टिकवायचं कसं?

पहिला मार्ग जॉन डोनाल्ड रॉब यांचा. हे गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये वकील होते. १९४१ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, वकिली सोडून ते अल्बुकर्कीच्या विद्यापीठात संगीत शिकवायला गेले. मग रेकॉर्डर घेऊन गावं पालथी घातली. जवळपास ३,००० रेकॉर्डिंग जमली! त्यावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९८० मध्ये आला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा झाला बॅकअप. पण नुसत्या बॅकअपवर सिस्टिम चालत नाही ना!

आता 'मॅटाचिनेस' हा नाच घ्या. साथीला व्हायोलिन आणि गिटार. नाचणारे दोन रांगांत, चेहरे झाकलेले. एका हातात खुळखुळा, दुसऱ्यात त्रिशूळासारखी 'पाल्मा'. मध्ये एक राजा, एक लहान मुलगी आणि एक बैल. शिवाय मुखवटे घातलेले 'आजोबा', जे चाबूक घेऊन विनोदही करतात आणि शिस्तही लावतात. टेपवर व्हायोलिन येईल. पण रांगेने कधी वळायचं, 'आजोबा'नी कुणाची खोडी काढायची, हे टेप कसं सांगणार? ते रांगेत उभं राहूनच शिकावं लागतं.

म्हणून दुसरा मार्ग महत्त्वाचा. सिप्रियानो व्हिहिल यांचा जन्म १९४१ चा, चामिसाल गावातला. गावच्या म्हाताऱ्या वादकांकडून ते वाजवायला शिकले. पुढे आयुष्यभर गायले, शिकवलं, जुन्या चालीरीतीत नवी गाणीही रचली. २०१४ मध्ये त्यांचा गीतसंग्रह निघाला, पण खरी गोष्ट वेगळीच आहे: त्यांची मुलंही त्यांच्याबरोबर वाजवू लागली. हा झाला रिस्टोअर.

दोघांपैकी मोठा कोण, हा वाद फिजूल आहे. एखादी चाल शेवटच्या वादकाबरोबर गेली, तर रॉब यांच्या टेपशिवाय ती परत मिळणार नाही. आणि शिकणारा कुणी नसेल, तर टेप नुसती कपाटात पडून राहणार.

रॉब यांची बरीच रेकॉर्डिंग विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात आहेत. नक्की ऐका, आणि ऐकताना मनात तो नाचही उभा करून बघा. भेटू पुढच्या भागात!